आजारी लेकरांच्या नावावर हिशोब मागायचा नाही?

यंदाच्या १४ एप्रिलची वर्गणी जमा-खर्च करून चाळीस हजार रुपये शिल्लक राहिले. जयंतीनंतरच्या बैठकीत एका कार्यकर्त्याने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. केस गेलेले एक लहान मूल, मागे करुण संगीत, शेवटी क्यूआर कोड. कॅन्सरग्रस्तांसाठी काम करणारी एक संस्था. "यंदा डीजेवर पैसे घालवले नाहीत, तर हे पैसे इकडेच देऊ," असा ठराव आला आणि दोन मिनिटांत हात वर झाले.

तेवढ्यात मागच्या रांगेतून बी.कॉम.ला असलेल्या एका मुलीने विचारले, "या संस्थेचा ताळेबंद कोणी पाहिला आहे का?"

बैठक गप्प झाली. मग एक ज्येष्ठ काका म्हणाले, "पोरी, आजारी लेकरांच्या नावावर कसला हिशोब मागतेस?"

मित्रांनो, हा लेख त्या काकांच्या प्रश्नाला उत्तर म्हणून लिहितो आहे. काका प्रामाणिक आहेत, चळवळीत त्यांची हयात गेली आहे. परंतु त्यांचे म्हणणे चुकीचे आहे, आणि ते का चुकीचे आहे हे आपल्या तरुणांनी नीट समजून घेतले पाहिजे. जिथे भावना सर्वात जास्त असते तिथेच हिशोब सर्वात कमी मागितला जातो. आणि जिथे हिशोब मागितला जात नाही तिथे काय घडते, याचा एक मोठा पुरावा अमेरिकेत उपलब्ध आहे.

कॅन्सर फंड ऑफ अमेरिका

मे २०१५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने देशातील सर्व ५० राज्ये आणि राजधानी वॉशिंग्टन डी.सी. यांना सोबत घेऊन अॅरिझोनातील संघीय न्यायालयात एक खटला दाखल केला. प्रतिवादी होत्या चार धर्मादाय संस्था : कॅन्सर फंड ऑफ अमेरिका, कॅन्सर सपोर्ट सर्व्हिसेस, चिल्ड्रन्स कॅन्सर फंड ऑफ अमेरिका आणि ब्रेस्ट कॅन्सर सोसायटी. आरोप असा होता की या चार संस्थांनी २००८ ते २०१२ या काळात कॅन्सर रुग्णांच्या नावाने लोकांकडून १८ कोटी ७० लाख डॉलरहून अधिक रक्कम गोळा केली आणि रुग्णांपर्यंत त्यातला नगण्य भाग पोहोचला.

फोनवर सांगितले जायचे की तुमच्या पैशातून मुलांना वेदनाशामक औषधे मिळतील, रुग्णांना केमोथेरपीसाठी ने-आण करता येईल, अखेरच्या दिवसांतील रुग्णांची शुश्रूषा होईल. प्रत्यक्षात अनेक रुग्णांच्या वाट्याला आल्या त्या साबण, शाम्पू, खाऊची पाकिटे अशा किरकोळ वस्तूंच्या पेट्या. आणि पैसा? फोन करून देणगी गोळा करणाऱ्या खासगी कंपन्या अनेकदा प्रत्येक देणगीतील ८५ टक्के किंवा त्याहूनही जास्त वाटा घेत होत्या. उरलेल्यातून पगार, गाड्या, सहली, आलिशान जहाजांवरील सफरी, मुलांची कॉलेजची फी, व्यायामशाळेची वर्गणी, सामन्यांची आणि मैफलींची तिकिटे असा खर्च झाल्याचे तक्रारीत नमूद होते.

चालवणारे कोण होते? जेम्स रेनॉल्ड्स हा मुख्य माणूस. एक संस्था त्याची माजी पत्नी चालवत होती, दुसरी त्याचा मुलगा. म्हणजे चार वेगवेगळ्या नावांच्या चार संस्था, आणि खुर्च्यांवर घरातलीच माणसे, नातेवाईक, ओळखीचे. संचालक मंडळ नावाला होते. प्रश्न विचारायचा कोणी?

दोन संस्थांनी २०१५ मध्येच तडजोड केली. उरलेल्या दोन २०१६ मध्ये विसर्जित झाल्या आणि रेनॉल्ड्सला धर्मादाय संस्था चालवण्यास कायमची बंदी घालण्यात आली. त्या दोन संस्थांविरुद्धचा निवाडा सुमारे ७ कोटी ५८ लाख डॉलरचा होता. पण वसूल काय झाले? संस्थांकडे जे थोडेफार उरले होते तेच. देणगीदारांचा पैसा केव्हाच खर्च होऊन गेला होता.

'कामावर खर्च' हा आकडा कसा फसवतो?

आता कळीचा मुद्दा. तुम्ही म्हणाल, अमेरिकेत तर धर्मादाय संस्थांचे वार्षिक विवरणपत्र कोणालाही पाहता येते, मग हे इतकी वर्षे चालले कसे? उत्तर असे की हे सारे ताळेबंदात लपले नव्हते, ताळेबंदानेच ते लपवले होते.

एक उदाहरण घेऊ. आकडे माझे आहेत, पद्धत त्यांची आहे. समजा, एका संस्थेने लोकांकडून १०० रुपये रोख गोळा केले. ८५ रुपये फोन करणाऱ्या कंपनीला गेले, १२ रुपये पगार आणि कार्यालयावर, ३ रुपये रुग्णांवर. कामावरचा खर्च फक्त ३ टक्के. कोणीही हे पाहून पाठ फिरवील. आता हीच संस्था कुठून तरी औषधांच्या पेट्या 'वस्तुरूप देणगी' म्हणून कागदोपत्री स्वीकारते, त्यांची किंमत ३०० रुपये लावते आणि त्या परदेशात पाठवल्याचे दाखवते. आता एकूण खर्च झाला ४०० रुपये. त्यातला 'कामावरचा' खर्च ३०३ रुपये. म्हणजे ७५ टक्क्यांहून अधिक! रुग्णाच्या हातात अजूनही तेच ३ रुपये पडले, पण कागदावर संस्था आदर्श ठरली.

फेडरल ट्रेड कमिशनचा आरोप नेमका हाच होता. या संस्थांनी विकसनशील देशांना पाठवल्या म्हणून २२ कोटी ३० लाख डॉलरहून अधिक किमतीच्या वस्तू आपल्या हिशोबात दाखवल्या, पण त्या मालाच्या व्यवहारात त्या केवळ मधले नाव होत्या. गरीब देशांतील रुग्णांच्या नावाने अमेरिकन देणगीदाराला फसवले गेले. हे वाचताना आपण 'विकसनशील देश' या शब्दावर थोडे थांबले पाहिजे. आपल्यासारख्यांची गरिबी इथे कुणाच्या तरी ताळेबंदातील सोयीची ओळ झाली होती.

दुसरी युक्ती अधिक सभ्य आहे आणि बहुतांशी कायदेशीरही आहे. देणगीसाठी केलेल्या फोनवर किंवा पाठवलेल्या पत्रात 'तंबाखू सोडा, वेळेवर तपासणी करा' एवढे एक वाक्य घालायचे आणि त्या फोनच्या खर्चाचा एक भाग 'जनजागृती' या खात्यात टाकायचा. अमेरिकेतील हिशोबाच्या नियमांत काही अटींवर असा खर्च वाटून दाखवता येतो. म्हणून 'जनजागृतीवर अमुक लाख' असे वाचले की विचारावे : कोणाची जागृती, कुठे, आणि त्यानंतर किती जण तपासणीला आले?

फसवणूक नसतानाही प्रश्न उरतोच

सगळ्याच संस्था चोर आहेत, असे मला म्हणायचे नाही. तसे म्हणणे आळशीपणाचे ठरेल. लिव्हस्ट्राँगचे उदाहरण पाहा. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगने स्वतः कॅन्सरमधून उठल्यावर १९९७ मध्ये ही संस्था काढली. २००४ पासून तिचे पिवळे रबरी कडे जगभर कोट्यवधी हातांत गेले. आपल्याकडेही कॉलेजच्या पोरांच्या मनगटावर त्याच्या नकला दिसायच्या. ते कडे घालणाऱ्या अनेकांची समजूत अशी होती की आपला डॉलर कॅन्सरवरचे औषध शोधणाऱ्या प्रयोगशाळेत जातो. प्रत्यक्षात संस्थेने २००५ च्या सुमारास संशोधनाला नवे अनुदान देणे थांबवत आणले आणि रुग्णांना आधार, माहिती, विमा व उपचारांच्या गुंत्यातून वाट काढण्यास मदत या कामाकडे वळली.

हे काम वाईट आहे का? अजिबात नाही. रुग्णाला त्याची नितांत गरज असते. पण देणगीदाराला जे वाटते आणि संस्था जे करते यांत अंतर असेल, तर ते अंतर मिटवण्याची जबाबदारी संस्थेची आहे. पुढे २०१२ मध्ये उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणात आर्मस्ट्राँग उघडा पडला आणि त्याला संस्थेपासून दूर व्हावे लागले. ज्यांनी चेहऱ्यावर विश्वास ठेवला होता त्यांचा संस्थेवरचा विश्वासही डळमळला. म्हणून धडा असा : चेहरा पाहून दिलेले दान चेहऱ्यासोबत बुडते. संस्था व्यक्तीपेक्षा मोठी हवी, हे आंबेडकरी माणसाला वेगळे सांगायला नको. विभूतिपूजेचा धोका आपल्याला घटनाकारांनीच सांगून ठेवला आहे.

मग परिणाम मोजायचा कसा?

इथे अनेक जण दुसऱ्या टोकाला जातात. 'आमच्या संस्थेत पगार नाही, शंभर टक्के पैसा रुग्णांना' अशी जाहिरात दिसली की त्यांना ती संस्था पवित्र वाटते. परंतु विचार करा. एक गट दर रविवारी रुग्णालयात जाऊन फळे वाटतो, पगारावर शून्य खर्च. दुसरा गट महिना वीस हजार रुपये देऊन एका समाजसेविकेला रुग्णालयाच्या दारात बसवतो. ती गावाकडून आलेल्या माणसाला रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे कागद यांतून पार करते, कोणत्या खिडकीवर जायचे ते सांगते, पुढच्या तारखेला तो आला नाही तर फोन करते. हिशोबाच्या वहीत हा सगळा खर्च 'पगार' म्हणून दिसेल. पण उपचार कोणामुळे पूर्ण होतील? केळ्यांमुळे की त्या ताईमुळे?

माणसाच्या श्रमाला मोल द्यायचे नाही आणि त्यालाच सेवा म्हणायचे, ही आपली ओळखीची जुनी व्यवस्था आहे. आपण तरी तिचे कौतुक करू नये.

परिणाम मोजणे शक्य आहे, आणि ते मुंबईतच झाले आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या डॉक्टरांनी १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर एक मोठा अभ्यास केला. सुमारे दीड लाख स्त्रिया त्यात होत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक आरोग्यसेविकांना काही आठवड्यांचे प्रशिक्षण दिले आणि त्यांनी सौम्य अॅसिटिक आम्ल, म्हणजे साध्या भाषेत व्हिनेगर, लावून तपासणी केली. महागडे यंत्र नाही, मोठी प्रयोगशाळा नाही. बारा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर ज्या वस्त्यांत तपासणी झाली तिथे या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी आढळले.

याला म्हणतात परिणाम. 'इतकी शिबिरे घेतली, इतकी पत्रके वाटली' हा परिणाम नव्हे. किती बायका वाचल्या, हा परिणाम.

पण चिकित्सा इथेही थांबवायची नाही. याच अभ्यासावर गंभीर नैतिक आक्षेप घेतले गेले. तुलनेसाठी ठेवलेल्या गटातील सुमारे ७६ हजार स्त्रियांना आरोग्यशिक्षण दिले गेले, पण तपासणी दिली गेली नाही. त्यांना दिलेली माहिती पुरेशी होती का, असा प्रश्न उभा राहिला. त्या स्त्रिया वस्त्यांतल्या होत्या, आपल्या आया-बहिणींसारख्या होत्या. त्यामुळे अभ्यासाचा निष्कर्ष स्वीकारतानाही त्याची किंमत कोणी मोजली हे विचारण्याचा आपला अधिकार आहे. आणि त्याहून मोठा प्रश्न : ३१ टक्के मृत्यू टाळता येतात हे २०१३ मध्ये जाहीर झाल्यावर ही स्वस्त तपासणी तुमच्या वस्तीत, तुमच्या तालुक्यात पोहोचली का? आपल्या आईला विचारून पाहा.

देण्याआधी पाच प्रश्न

कोणत्याही संस्थेला पैसे देण्याआधी पुढील प्रश्न लेखी विचारावेत :

१. एकूण जमेपैकी रोख किती आणि वस्तुरूप किती? वस्तूंची किंमत कोणी आणि कशी ठरवली?

२. देणगी गोळा करण्यावर किती खर्च झाला? बाहेरची कंपनी किंवा कमिशनवरची माणसे आहेत का?

३. विश्वस्त कोण आहेत? त्यांच्यात आपसांत नाते आहे का? त्यांच्या स्वतःच्या दुकानातून, कंपनीतून संस्था माल किंवा सेवा घेते का?

४. वर्षात किती रुग्ण आले, किती जणांचा उपचार पूर्ण झाला, किती मध्येच सुटले?

५. तुम्ही दिलेला खर्च शासकीय योजनेतून मिळू शकला असता का? मिळत असेल तर तुम्ही रुग्णाला तिकडे नेले का?

'आमच्याकडे ८०जी आहे' हे या प्रश्नांचे उत्तर नाही. ८०जी म्हणजे देणगीदाराला प्राप्तिकरात सवलत. ते कामाच्या दर्जाचे प्रमाणपत्र नव्हे. महाराष्ट्रातील नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाला हिशोब ठेवणे, त्याचे लेखापरीक्षण करून घेणे आणि ते धर्मादाय कार्यालयात सादर करणे कायद्याने बंधनकारक आहे. नोंदणी क्रमांक मागा. जी संस्था तो देताना अडखळते, तिथे थांबा.

दान की हक्क?

पाचवा प्रश्न सर्वात महत्त्वाचा आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमातील कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना यांनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवायच्या आहेत. त्यासाठी एकूण बिलाच्या २ टक्के रकमेचा निर्धन रुग्ण निधी ठेवायचा आहे. या रुग्णालयांना मिळणाऱ्या करसवलती आणि इतर फायदे आपल्याच खिशातून जातात. म्हणजे ही खाट कुणाची मेहेरबानी नाही. ज्या रुग्णाला कायद्याने खाट मिळाली पाहिजे, त्याच्यासाठी वर्गणी काढून बिल भरणे म्हणजे रुग्णालयाची जबाबदारी आपल्या गरीब वस्तीच्या अंगावर घेणे होय.

टाटा मेमोरियलचा इतिहासही हेच सांगतो. १९४१ मध्ये ते एका ट्रस्टच्या दानातून उभे राहिले. १९५७ मध्ये ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले. आज देशभरातून येणारा गरीब माणूस तिथे दार ठोठावतो तो नागरिक म्हणून. उत्तम दान ते, जे पुढे सार्वजनिक व्यवस्थेत रूपांतरित होते. वाईट दान ते, जे गरिबाला कायम दात्याच्या दारात उभे ठेवते.

काही मित्र म्हणतील, इतके प्रश्न विचारले तर लोक देणेच बंद करतील. माझे म्हणणे उलट आहे. १९५६ मध्ये नागपूरला बाबासाहेबांनी आपल्याला उत्पन्नाचा विसावा हिस्सा द्यायला सांगितले. वीस रुपयांतला एक रुपया! हे सांगणारा माणूस सार्वजनिक वित्ताचा अभ्यासक होता, प्रांतांच्या जमाखर्चाचे ग्रंथ लिहिणारा होता. देणे आणि हिशोब मागणे यांत त्याला विरोध दिसत नव्हता. जो खरोखर देतो, तोच हिशोब मागतो. जो उपकार म्हणून फेकतो, त्याला तो पैसा कुठे पडला याची पर्वा नसते.

आमचे काय झाले?

बैठकीत शेवटी ठरले की त्या संस्थेला पाच प्रश्नांचे पत्र पाठवायचे. आठ दिवसांत लेखापरीक्षण अहवाल आला. तो व्यवस्थित होता, पगार अवाजवी नव्हते, काकांना आनंद झाला. पण चौथ्या प्रश्नाला उत्तर आले : उपचार पूर्ण झाले की नाही याची नोंद आम्ही ठेवत नाही. म्हणजे संस्था चोर नव्हती, पण आपल्या पैशाने कोणी बरे झाले का हे तिला स्वतःलाच माहीत नव्हते.

आम्ही तिला पाच हजार रुपये पाठवले आणि अशी नोंद सुरू करण्याची लेखी विनंती केली. उरलेले पैसे वस्तीतील तीन रुग्णांच्या प्रवासासाठी ठेवले. रेडिएशन आठवड्यातून पाच दिवस, कित्येक आठवडे चालते. उपचार योजनेत मोफत झाला तरी रोजचे जाणे-येणे आणि बुडालेली मजुरी यांचा भार बहुतेकदा रुग्णाच्याच अंगावर पडतो. माणसे तिथेच गळतात.

जूनमध्ये हिशोब विहाराच्या फळ्यावर लावला. त्याच संध्याकाळी एका बाईंनी विचारले, "रिक्षाचे बाराशे रुपये लिहिलेत, पावती कुठे आहे?"

पावती नव्हती. रिक्षावाल्याने दिली नव्हती आणि आम्ही मागितली नव्हती. पैसे खरेच रिक्षालाच गेले होते, रुग्णाच्या नवऱ्याने तसे सांगितलेही. पण क्षणभर माझ्या तोंडावर काकांचेच वाक्य आले होते : आजारी माणसाच्या कामात कसली पावती मागता? ते मी गिळले. आता एक वही केली आहे. तारीख, रुग्ण, कुठून कुठे, रक्कम, आणि सोबत गेलेल्याची सही. काका रोज ती तपासतात.

जयभीम!